कलकत्त्यात हरलेला एक डाव

हा लेख वाचताना बुद्धिबळाचा पट शेजारी मांडून ठेवता आला तर उत्तम. पट नसेल तर चौकटीच्या वहीत आठ बाय आठ घरे आखून घ्या. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए, बी, सी असे करीत एचपर्यंत नावे द्या आणि आडव्या ओळींना खालून वर १ ते ८ आकडे द्या. पांढरी मोहरी खालच्या दोन ओळींत असतात, काळी वरच्या दोन ओळींत. एवढी तयारी पुरे.

डावाच्या पहिल्या खेळीला पांढऱ्यापुढे २० पर्याय असतात. आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन खेळ्या आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. काळ्यापुढेही तेवढेच पर्याय. म्हणजे दोघांची एकेक खेळी झाली की पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती येऊ शकतात. दोन-दोन खेळ्या झाल्या की खेळ्यांचे १,९७,२८१ क्रम संभवतात. संपूर्ण डाव किती प्रकारे खेळता येईल याचा एक ढोबळ अंदाज अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन याने १९५० साली मांडला. तो आकडा १ वर १२० शून्ये एवढा आहे.

असे असूनही बुद्धिबळाच्या सुरुवातीवरची पुस्तके उघडली तर त्यांत पुन्हा पुन्हा त्याच काही स्थिती भेटतात. एकेका स्थितीवर चार-चारशे पानांचे ग्रंथ आहेत. जगज्जेतेपदाच्या लढतींत त्या येतात, काही वर्षे मागे पडतात आणि पुन्हा येतात. लाखो शक्यतांमधून नेमक्या या स्थितींनाच एवढे महत्त्व का यावे? त्या सर्वांत चांगल्या म्हणून, असे उत्तर सहज सुचते. पण ते खरे नाही. खरे उत्तर शोधायला एका हरलेल्या डावापासून सुरुवात करू.

महेशचंद्र आणि कॉक्रेन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करीत होता. तो युरोपातल्या नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक होता. कलकत्त्यात त्याच्या तोडीचे कोणी नव्हते. १८४८ च्या सुमारास त्याच्या कानावर आले की, शहराबाहेर मुफसलात एक ब्राह्मण आहे आणि त्याला बुद्धिबळात आजवर कोणी हरवलेले नाही. त्या गृहस्थांचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. दोघांची गाठ पडली आणि पुढे कित्येक वर्षे ते एकमेकांशी खेळत राहिले. त्यांचे शेकडो डाव आज उपलब्ध आहेत, कारण कॉक्रेनला ते टिपून ठेवायची सवय होती.

महेशचंद्र देशी पद्धतीच्या खेळात वाढलेले होते. जुन्या मंडळींना आठवत असेल की, आपल्याकडच्या खेळात बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. त्यामुळे सुरुवात संथ असे. प्यादी एकेक घर सरकवायची, उंटाला कडेने वाट करून द्यायची, आधी आपली मांडणी पक्की करायची आणि मग झुंज. युरोपीय नियमांनी खेळतानाही महेशचंद्रांची ही सवय सुटली नाही. समोरचा दोन-दोन घरे प्यादी रेटत पटाचा मध्य काबीज करी, तेव्हा हे घोडा बाहेर काढून, जी-पट्टीतले प्यादे एक घर पुढे करून, त्याच्या मागे जी७ वर उंट बसवीत. तिथून तो उंट एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतच्या लांब तिरप्या रेषेवर नजर ठेवी.

१८५५ साली कलकत्त्यात या दोघांत एक डाव झाला. कॉक्रेन पांढऱ्याने खेळत होता. पहिल्या तीन खेळ्या अशा झाल्या: पांढऱ्याचे प्यादे डी४, काळ्याचा घोडा एफ६, प्यादे सी४, प्यादे जी६, घोडा सी३, प्यादे डी५. पटावर मांडून पाहा. तिसऱ्या खेळीत काळ्याने आपले डी-प्यादे सरळ पांढऱ्याच्या तोंडाशी नेऊन ठेवले आहे.

हा डाव महेशचंद्र हरले. अठराव्या खेळीच्या सुमारास त्यांचे दुर्लक्ष झाले आणि कॉक्रेनने वजिराचा बळी देऊन, राजाला त्याच्याच मोहऱ्यांनी कोंडलेले असताना घोड्याने मात करण्याचा मार्ग मोकळा करून घेतला. डाव देखणा होता, पण तो कॉक्रेनचा. काळ्याच्या तिसऱ्या खेळीकडे लक्ष द्यावे असे कोणाला वाटले नाही.

मध्याचा नियम

ते न वाटण्याला सबळ कारण होते. पटाच्या मधली चार घरे, म्हणजे डी४, ई४, डी५ आणि ई५, ज्याच्या ताब्यात त्याचे पारडे जड, ही समजूत तेव्हाही होती आणि ती निराधार नव्हती. मुलांना ती मोजून पाहता येते. रिकाम्या पटाच्या कोपऱ्यात घोडा ठेवला तर तो दोनच घरांवर जाऊ शकतो, मधल्या घरात ठेवला तर आठ. उंट कोपऱ्यातून सात घरांवर मारा करतो, मध्यावरून तेरा. (हत्ती मात्र रिकाम्या पटावर कोठेही ठेवला तरी चौदाच. हे मुलांना स्वतः शोधू द्यावे.) मध्यात प्यादी असली की आपल्या मोहऱ्यांना मोकळीक मिळते, समोरच्याची आवळली जातात.

१८८६ साली पहिला अधिकृत जगज्जेता ठरलेल्या विल्हेल्म स्टाइनिट्झने खेळाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहायला सुरुवात केली. त्याचे विचार सुबोध नियमांत बसवून युरोपभर पोचवले ते डॉ. सीगबर्ट टाराश यांनी. हे व्यवसायाने डॉक्टर, पण बुद्धिबळाच्या जगात त्यांची ओळख 'जर्मनीचे गुरुजी' अशी होती. त्यांची पुस्तके वाचून एक पिढी तयार झाली. मध्य प्यादी देऊन व्यापा, मोहरी लवकर बाहेर काढा, अडचणीची जागा पत्करू नका, असा त्यांचा उपदेश. नवशिक्याला आजही आपण हेच सांगतो आणि ते योग्यच आहे.

पण नियम पाठ झाला की त्यामागचे कारण विसरले जाण्याचा धोका असतो. मध्य ताब्यात असावा हे कारण. तो प्याद्यांनी भरावा हा त्यातून निघालेला एक उपाय. उपायालाच नियम मानले की महेशचंद्रांसारखी मांडणी अडाणी वाटू लागते.

विसाव्या शतकातले बंडखोर

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे काही तरुणांनी हा प्रश्न उघडपणे विचारला. रिगाचा आरोन निमझोविच याने १९१३ साली टाराश यांच्या मतांवर टीका करणारा लेख लिहिला आणि १९२५ मध्ये 'माझी पद्धत' या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध करायला सुरुवात केली. मध्यात प्यादी बसवणे आणि मध्यावर ताबा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे. घोडे आणि उंट लांबूनही मध्यावर ताबा ठेवू शकतात. रिचर्ड रेटीने १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत याच विचाराने खेळून जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. कापाब्लांका त्याआधी आठ वर्षे एकही डाव हरला नव्हता.

व्हिएन्नाचा अर्न्स्ट ग्रुनफेल्ड हा याच काळातला. १९२२ साली त्याने तिसऱ्या खेळीला काळ्याचे प्यादे डी५ वर आणण्याची तीच कल्पना आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आणली. व्हिएन्नाच्या स्पर्धेत अलेक्झांडर अलेखीनसारखा खेळाडू, जो पाच वर्षांनी जगज्जेता झाला, तिच्यापुढे हरला. तेव्हापासून या सुरुवातीला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात.

या जातीच्या साऱ्या सुरुवातींना मात्र 'इंडियन' हे कुलनाम आहे: राजाचा इंडियन, वजिराचा इंडियन, निमझो-इंडियन. ते नाव कोठून आले याचा शोध महेशचंद्रांपर्यंत जातो. इंग्रज लेखक फिलिप सार्जंट याने १९३४ साली नमूद केले की, कडेच्या उंटाची ही मांडणी युरोपीय खेळाडू बऱ्याच अंशी महेशचंद्र आणि इतर भारतीयांच्या उदाहरणावरून शिकले. कुलनाम टिकले, पण माणसाचे नाव बहुतेकांना ठाऊक नाही. शिवाय एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. महेशचंद्रांनी सिद्धांत मांडला नव्हता. ते आपल्या सवयीने खेळत होते. ग्रुनफेल्डने तीच खेळी एका प्रश्नाचे उत्तर म्हणून खेळली. खेळी तीच असली तरी तिला अर्थ आला तो प्रश्न तयार झाल्यावर. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडलेले दिसते.

चारास चार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही स्थिती महत्त्वाची का? पट पुढे चालवा. पांढरा डी५ वर मारतो, काळा घोड्याने ते प्यादे परत मारतो. पांढरा प्यादे ई४ वर आणून घोड्याला हुसकतो. काळा घोडा सी३ वरच्या घोड्याला मारतो आणि पांढरा बी-प्याद्याने त्याला मारतो. आता पांढऱ्याची सी३, डी४, ई४ अशी तीन प्यादी शेजारी-शेजारी उभी आहेत. टाराश यांच्या दृष्टीने पाहिले तर पांढरा जिंकल्यातच जमा.

पुढे काळा जी७ वर उंट बसवतो, सी-प्यादे सी५ वर आणतो, घोडा सी६ वर आणतो आणि किल्लेकोट करतो. दरम्यान पांढरा उंट सी४ वर, घोडा ई२ वर, दुसरा उंट ई३ वर आणून किल्लेकोट करतो. आता डी४ या एका घराकडे पाहा आणि मोजा. त्याच्यावर काळ्याचा मारा कोणाकोणाचा आहे? सी५ चे प्यादे, सी६ चा घोडा, जी७ चा उंट आणि उघड्या झालेल्या पट्टीतून डी८ चा वजीर. चार. पांढऱ्याचे रक्षक कोण? सी३ चे प्यादे, ई२ चा घोडा, ई३ चा उंट आणि डी१ चा वजीर. तेही चार.

चारास चार! यापुढे एक घोडा बांधला गेला, एक हत्ती पट्टीत आला, तरी तोल ढळतो. म्हणून इथली प्रत्येक खेळी हिशेबाची होते. पांढऱ्याने कंटाळून प्यादे डी५ वर ढकलले तर जी७ च्या उंटाची तिरपी रेषा मोकळी होते. मारामारी होऊन प्यादी विरळ झाली तर पांढऱ्याकडे मध्यात दोन प्यादी उरतात, पण वजिराच्या बाजूला काळ्याची दोन आणि पांढऱ्याचे एकच. म्हणजे पट भरलेला असताना पांढऱ्याचे पारडे जड, पण मोहरी कमी होत जाऊन डाव लांबला तर काळ्याचे ते कडेचे प्यादे पुढे धावून वजीर होऊ शकते. एकाच स्थितीत दोघांनाही आपण बरे आहोत असे मानायला जागा आहे, पण कारणे वेगळी आहेत.

यावरून काही खुणा सांगता येतात. महत्त्वाच्या स्थितीत दोन्ही बाजूंनी काहीतरी दिलेले असते आणि काहीतरी घेतलेले असते. निव्वळ सारखेपणा नसतो. दोन्ही बाजूंच्या शहाण्या खेळाडूंना तिच्यात जायची इच्छा असते, नाहीतर ती पटावर येणारच नाही. खेळीतला बारीकसा फरक तिच्या निकालात मोठा फरक पाडतो. तिच्यातून शिकलेले इतर स्थितींनाही लागू पडते. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, तिचा निकाल अजून लागलेला नसतो. ज्या स्थितीत पांढरा सरळ जिंकतो तिच्यावर एक परिच्छेद पुरतो. ग्रंथ लिहिले जातात ते न सुटलेल्या स्थितींवर.

महत्त्व येते आणि जाते

याचा पडताळा उलट बाजूनेही घेता येतो. एकोणिसाव्या शतकात सर्वांत मानाची सुरुवात म्हणजे राजाच्या बाजूचे एफ-प्यादे बळी देऊन हल्ला करण्याची, 'किंग्ज गॅम्बिट'. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध खेळलेला प्रसिद्ध 'अमर डाव' याच सुरुवातीचा. पुढे बचावाचे तंत्र सुधारले, प्यादे घेऊन शांतपणे टिकून राहता येते हे दिसले आणि उच्च पातळीवर ही सुरुवात विरळ होत गेली. तिच्यातला प्रश्न बराचसा सुटला होता.

याच्या नेमके उलट उदाहरण सिसिलियन बचावातले. १९१० साली श्लेख्टरविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत लास्करने एकदा काळ्याचे ई-प्यादे पाचव्याच खेळीला ई५ वर नेले. त्याने डी-पट्टीतले आपले प्यादे मागे पडते आणि डी५ वर कायमचे भगदाड राहते. पुस्तकांनी हा दोष दाखवून विषय संपवला. पण सोव्हिएत युनियनमधल्या चेल्याबिन्स्क शहरातल्या येवगेनी स्वेश्निकोव्ह या खेळाडूने १९७० च्या दशकात हट्टाने तीच खेळी खेळून दाखवले की, भगदाडाच्या बदल्यात काळ्याच्या मोहऱ्यांना भरपूर मोकळीक मिळते. २०१८ साली लंडनमध्ये कारुआनाविरुद्ध जगज्जेतेपद राखताना मॅग्नस कार्लसनने याच बचावावर भिस्त ठेवली. एकशे आठ वर्षांत पटावरची घरे बदलली नाहीत, त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली.

ग्रुनफेल्ड बचावातही अशा उलथापालथी झाल्या. पांढऱ्याने घोडा एफ३ वर आणू नये, कारण काळ्याचा उंट जी४ वर येऊन त्याला बांधून टाकील, असे अनेक दशके शिकवले जाई. म्हणून घोडा ई२ वर. पुढे खेळाडूंच्या लक्षात आले की, घोडा एफ३ वर आणून लगेच हत्ती बी१ वर सरकवला तर तो लांब तिरप्या रेषेच्या माऱ्यातून सुटतो आणि शिवाय बी७ वर दाब येतो. त्यासाठी ए-पट्टीतले एक प्यादे काळ्याला खाऊ द्यावे लागले तरी पांढरा ते खुशाल देतो. जुना इशारा खोटा नव्हता. त्याची अट बदलली होती. गॅरी कास्पारोव्हने १९८६ मध्ये कार्पोव्हशी झालेल्या लढतीत हा बचाव काळ्याकडून वापरला, तेव्हा तो जगज्जेतेपदाच्या पातळीवर पक्का बसला. त्याच्या तीस वर्षे आधी, १९५६ साली, तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर देऊन जिंकलेला डावही ग्रुनफेल्डचाच.

सोफिया, २०१०

२०१० च्या एप्रिलमध्ये बल्गेरियातल्या सोफिया शहरात विश्वनाथन आनंद आपले जगज्जेतेपद राखण्यासाठी व्हेसेलिन टोपालोव्हशी खेळत होता. आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमाने बंद होती, म्हणून तो मोटारीने प्रवास करून पोचला होता. पहिल्या डावात त्याच्याकडे काळी मोहरी होती. त्याने ग्रुनफेल्ड बचाव निवडला आणि आपण आत्ता मोजली तीच 'चारास चार' स्थिती दहाव्या खेळीला पटावर आली.

तो डाव आनंद हरला. घरी केलेल्या तयारीतला क्रम त्याच्या मनात उलटसुलट झाला, तेविसाव्या खेळीला त्याने राजा हलवला आणि टोपालोव्हने घोड्याचा बळी देऊन तीस खेळ्यांत डाव संपवला. जगातल्या सर्वांत मोठ्या बुद्धिबळ लढतीत, घरच्या घरी अभ्यासलेल्या स्थितीत, एका खेळीची गल्लत एवढी महाग पडू शकते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आनंदने ग्रुनफेल्ड टाकून दिला नाही. दहाव्या डावात त्याने तोच बचाव पुन्हा खेळला आणि बरोबरी केली. शेवटचा बारावा डाव काळ्याने जिंकून ६½–५½ अशा गुणांनी त्याने विजेतेपद राखले. कलकत्त्यातल्या डावानंतर बरोबर १५५ वर्षांनी एक भारतीय खेळाडू तिसऱ्या खेळीला तेच प्यादे डी५ वर नेऊन हरला, पण या वेळी त्या खेळीला दोष देणारा कोणी नव्हता. हरलेला डाव आणि चुकीची कल्पना या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोवर सर्वांना माहीत झाले होते.

आज संगणक माणसापेक्षा खूपच चांगले खेळतात. तरीही ग्रुनफेल्ड बचाव त्यांना खोडून काढता आलेला नाही. त्यांनी अनेक जुन्या समजुती निकालात काढल्या, पण डी४ भोवतीचा तो हिशेब अजून चालू आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

'चारास चार' ची स्थिती फळ्यावर काढा आणि मुलांना एवढेच विचारा की, तुम्हाला कोणत्या बाजूने खेळायला आवडेल आणि का. वर्गाचे दोन गट पडतील. 'मध्यात तीन प्यादी आहेत म्हणून पांढरा' असे म्हणणारी मुले नियम बरोबर शिकली आहेत. 'पण ती तीन प्यादी सांभाळता सांभाळता पांढऱ्याचे सगळे मोहरे तिथेच अडकलेत' असे म्हणणारे मूल कदाचित एखादेच निघेल. त्याला चूक ठरवण्याआधी त्याच्याकडून घरे मोजून घ्यावीत. आणि बरोबर ठरवण्याआधीही मोजून घ्यावीत. टाराश मोठे शिक्षक होते आणि त्यांचा नियम बहुतेक वेळा खराच ठरतो. तो कुठे थांबतो ते मात्र कोणीतरी पट मांडून पाहिल्याशिवाय कळले नसते.